बोरू फुलावर आला तेव्हा

दुपारी जेवून जरा पाठ टेकली की मला एक बांधी दिसते. डोळा लागायच्या आणि न लागायच्या मधली जी पाच मिनिटं असतात, तेवढ्यात. धानाची बांधी, पण धान नसलेली. तिच्यात छातीएवढा बोरू, त्याची पिवळी फुलं, खाली चवळीचा गुंता, मधूनच ज्वारीचं एखादं लांब पान. पाऊस म्हणावा तर पाऊस नसतो, झिमझिम असते, इतकी बारीक की खाली येते आहे की जमिनीतून वर जाते आहे ते समजत नाही. माणूस कोणी नसतो. वारा आला की सगळं पिवळं एका अंगाला कलतं आणि सावकाश परत येतं. इतकं देखणं शेत मी पुढे कधी पाहिलं नाही. ते देखणं होईपर्यंत मी थांबलो, आणि तीच माझी चूक झाली.

संपादकांनी पत्र पाठवलं होतं, शेतीखात्यातल्या नोकरीतले गमतीचे अनुभव लिहा म्हणून. गमती आहेत, त्यातली एक सांगतोही. पण लिहायला बसलो की हात त्या बांधीकडेच जातो. सात वर्षं हे मी घरातही बोललो नव्हतो. आता मात्र लिहिलंच पाहिजे.

मी कृषी सहाय्यक. आठ गावं, एक सायकल, पंधरवड्यातून प्रत्येक गावाचा एक ठरलेला वार. दर पंधरवड्याला कार्यालयात आमचं प्रशिक्षण व्हायचं, तिथे साहेब पुढच्या पंधरा दिवसांचा 'संदेश' द्यायचे, आणि आम्ही तो सायकलवर लादून गावोगाव पोचवायचा. मी मूळचा वर्ध्याकडचा, कपाशीतला. नागभीडच्या बाजूला बदली झाली तेव्हा मला धान फक्त ताटातला माहीत होता. इथे वावराला बांधी म्हणतात, बांधीच्या कडेला धुरा, रोपांना पऱ्हे, लावणीला रोवणा, हे मी शेतकऱ्यांकडून शिकलो आणि त्यांनाच परत शिकवायला लागलो. नोकरीच तशी होती.

त्या सालचा संदेश होता हिरवळीच्या खताचा. जिल्ह्याचे दोन जिल्हे होणार अशी धामधूम चालू होती, ते साल. ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिकाला हिरवेपणा देतो तो नत्र. हवा त्यानं भरलेली आहे, आपण श्वासाबरोबर तो आत घेतो आणि तसाच बाहेर सोडतो. धानालाही हवेतला नत्र खाता येत नाही. शेंगा धरणाऱ्या पिकांना मात्र ती हिकमत साधलेली असते. बोरू म्हणजे ताग, ढेंचा, चवळी, उडीद यांच्या मुळांवर बारीक गाठी येतात, त्या गाठींत जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. असं पीक पावसाच्या तोंडाशी पेरायचं, दीडेक महिन्याचं कोवळं असताना नांगरून चिखलात गाडायचं, ते कुजलं की वर धान रोवायचं. युरियाची गोणी आणावी लागत नाही किंवा कमी लागते.

आता ती गंमत. देवरावभाऊ नावाचे एक शेतकरी होते, जिभेनं तिखट. पहिल्या वर्षी त्यांच्या धुऱ्यावर मी मूठभर ढेंचा पेरायला लावला. महिन्यानं ते भर दुपारी मला रस्त्यात आडवे आले. हातात उपटलेल्या झाडांची जुडी, मुळं धुतलेली. म्हणाले, तुम्ही दिलेल्या बियाण्यात रोग निघाला, मुळांना फोड आले, मी आणि बायकोनं दोन दिवस बसून जेवढे निघाले तेवढे नखानं काढले. मी कपाळाला हात लावला. ज्या गाठींसाठी सगळा खटाटोप, त्याच नवराबायकोनं खुडून टाकल्या होत्या. मी उरलेली एक गाठ नखानं चिरून त्यांना दाखवली. आतून ती लालसर गुलाबी असते. मांसासारखी. देवरावभाऊ बराच वेळ बघत राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "झाडाले रगत असते, हे आमाले कोणं सांगतलं नाई जी."

तिथेच धुऱ्यावर एक बाई गवत कापत होत्या, त्या उठून बघायला आल्या. त्यांचं नाव पंचफुला रामटेके. वय तेव्हा पस्तिशीचं असेल. नवरा वर्षातले सहा महिने जंगलात बांबूच्या कुपावर, म्हणजे तोडीच्या कामावर, शेती बाईच्याच अंगावर. स्वतःची जमीन नव्हती. गावचे मालक गोविंदराव यांची दीड एकराची बांधी त्या अध्या बटईनं करायच्या, म्हणजे निम्मा धान मालकाला, निम्मा घरी. ही बांधी गावातल्या बोडीला, म्हणजे छोट्या तळ्याला, लागून. पावसानं दगा दिला तरी तिथे पाणी पोचायचं. घरातली पाच माणसं त्या दीड एकरावर जेवत होती. कागद कुठलाच नव्हता. गोविंदरावांनी 'हो' म्हटलं की दर वर्षी बांधी त्यांची, 'नाही' म्हटलं की नाही.

बाईंनी ती चिरलेली गाठ बोटावर घेतली, वास घेतला आणि मला विचारलं की, हे एकटंच पेरायचं का?

मी म्हटलं, हो, शुद्ध बियाणं, संदेशात तसंच आहे.

"एकटं काऊन जी? एकटी लाखोळी भुईवर लोळते. तिच्यात जवस टाकलं का थे उभं राह्यते आन् तिले हात देते. आमी उतेऱ्यात तसंच टाकतो."

उतेरा म्हणजे धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत पुढचं बी फेकायची इकडची जुनी रीत. लाखेची डाळ होते ती लाखोळी, जवस, थोडं पोपटाचं, म्हणजे वालाचं, बी. मी ते दर हिवाळ्यात बघत होतो. धान कापल्यावर निळ्या फुलांचा एक पातळ धूर जमिनीवर पसरलेला असायचा. पण आम्हाला शिकवलेलं होतं की बी मिसळलं की ती भेसळ. खात्यात त्या शब्दाला फार वाईट वास येतो. मी त्यांना तसं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुमच्या घरी भात आणि वरण वेगवेगळ्या दिवशी खातात का?

सायकलवर घरी जाताना मी त्याच गोष्टीचा विचार करत होतो. शेंगवर्गी पीक चिखलात गेलं की चटकन विरघळतं, नत्र एकदम सुटतो, आणि पऱ्हे अजून मूळ धरत असतानाच निम्मा पाण्याबरोबर वाहून जातो. त्याच्यात थोडं ज्वारीसारखं दांड्याचं पीक असेल तर ते सावकाश कुजेल, नत्र धरून ठेवील आणि पुढे हळूहळू सोडील. हे मला पुस्तकात कोणी सांगितलं नव्हतं. एका बटईदार बाईनं लाखोळी आणि जवसावरून सांगितलं, आणि माझ्या डोक्यात दिवा लागला.

पुढच्या उन्हाळ्यात मी प्रात्यक्षिकासाठी त्यांचीच बांधी निवडली. गोविंदरावांची परवानगी काढली. ढेंचा आणि बोरू मी कार्यालयातून आणला, चवळी आणि उडीद बाईंनी त्यांच्या गाडग्यातून काढला, ज्वारी दोनच मुठी. सगळं त्यांनी टोपल्यात घातलं आणि वर ओलसर राख टाकली. कारण विचारलं तर म्हणाल्या, बारीक बी खाली बसतं आणि मोठं वर राहतं, मग पहिल्या फेऱ्यात सगळी चवळीच पडते. राख लागली की सगळी एकमेकांना धरून राहतात. तरीही दर फेऱ्याला त्या टोपल्यात हात घालून ढवळायच्या. हे मी कुठल्याच संदेशात वाचलेलं नव्हतं. देवरावभाऊ धुऱ्यावरून म्हणाले, पाच बिया आणि पेरणारी पंचफुला, याला आता 'पंचफुली' म्हणा. तेच नाव पडलं.

बांधीच्या तोंडाशी मी पाटी रोवली. 'हिरवळीच्या खताचे प्रात्यक्षिक. युरियाविना धान.' खाली खात्याचं नाव. बाईंचं नाव टाकायला जागा उरली नव्हती. म्हणजे, मी ठेवली नव्हती.

पंचफुली उगवली ती सगळी एका वेळी नाही. आधी चवळीनं जमीन झाकली, मग बोरू तिच्यातून सरळ वर निघाला, ढेंचा त्याच्या मागे, आणि सगळ्यांच्या मधून ज्वारी. मी माझा वार नसतानाही तिकडे जायला लागलो. सकाळी धुक्यात बोडीचं पाणी आणि बांधी यांच्यामधली रेघ दिसत नसे. वाटे की हे हिरवं पाण्यावरच उगवलं आहे आणि वारा जरा जोरात आला तर वाहत निघून जाईल. मी धुऱ्यावर बसून राहायचो. रजिस्टर भरायचं असायचं, पुढचं गाव वाट बघत असायचं, आणि मी मात्र बसलेलो. नोकरीत तेवढेच दिवस मी कोणाला काही शिकवत नव्हतो.

बेचाळिसाव्या दिवशी बाई माझ्याकडे आल्या. हातात बोरूचं एक झाड. त्यांनी ते माझ्यासमोर वाकवलं. टच करून मोडलं, आतून पाणी आलं.

"पाह्यजा साहेब. अजून मोडते. दोन-चार दिवसांत मोडणार नाई, सोलल्या जाईल. नांगर घालू देजा आता."

मी म्हटलं, चार दिवस थांबा. साहेब येणार आहेत बघायला.

साहेब वाईट माणूस नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं होतं आणि ते खूश होते. म्हणाले होते, बोरूला फूल येऊ द्या, फोटो छान येईल, चार गावचे शेतकरी बोलावू. मला माहीत होतं की फूल म्हणजे उशीर. बोरूपासून दोर करतात, कोळ्यांची जाळी त्याच्याच धाग्याची असतात. फूल आलं की दांड्यात तो धागा भरू लागतो. हे सगळं माहीत असून मी 'हो साहेब' म्हटलं. त्यांना भीत होतो म्हणून नव्हे. मलाही ते फूल पाहायचं होतं, आणि त्या फुलाशेजारी उभं राहून फोटोत यायचं होतं.

चार दिवसांनी साहेबांची जीप नव्या जिल्ह्याच्या कामाला गडचिरोलीला गेली. निरोप आला, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात जीप नादुरुस्त. बाई दर दोन दिवसांनी यायच्या. एकदा म्हणाल्या, पऱ्हे म्हातारे होऊन राह्यले. एकदा नुसतं सोललेलं साल माझ्या सायकलच्या हँडलला बांधून गेल्या. चांगली घट्ट गाठ होती, मला सोडवायला वेळ लागला. प्रत्येक वेळी मी पाटीकडे बोट दाखवलं. सरकारी पाटी उभी आहे तोवर नांगर कसा घालणार? पाटी मीच रोवलेली होती, दोन हातांनी उपटून निघाली असती.

आणि त्या दिवसांत बोरू फुलला. वर वर्णन केलं ते शेत तेव्हाचं.

बाईंनी झाड मोडून दाखवलं त्यानंतर अठराव्या दिवशी साहेब आले. शेतकरी आले, फोटो निघाले. मी फुलांशेजारी उभा आहे, बाई फोटोत नाहीत, त्या नांगर आणायला गेल्या होत्या. जीपची धूळ बसायच्या आत त्यांनी नांगर घातला. दहा पावलांवर बैल थांबले. दांडे तुटेनात, फाळाभोवती दोरासारखे गुंडाळले गेले. बाई वाकून कोयत्यानं ते कापत, पुन्हा बैल हाकत, पुन्हा दहा पावलं. दोन दिवसांचं काम सहा दिवस चाललं. रोवणा सगळ्या गावाच्या शेवटी झाला.

पंधरा दिवसांनी धान पिवळा पडला. शेजारच्या बांध्या गर्द हिरव्या आणि मधोमध दीड एकर पिवळं. खाली गाडलेलं जून पीक कुजवणारे जिवाणूच आधी भुकेले असतात. कोवळ्या पाल्यात त्यांचं पोट भरून वर उरतं. जून काड्यांत त्यांना पुरेसं मिळत नाही, मग ते मातीतला होता तो नत्रही ओढून घेतात. लग्नात वऱ्हाड पंगतीला बसायच्या आधी वाजंत्रीच सगळं जेवून गेले, असा प्रकार. पुढे काही आठवड्यांनी ते परत सोडतात, पण तोवर धानाचं फुटव्याचं वय निघून जातं. तेव्हा वरून थोडा युरिया दिला असता तर पीक सावरलं असतं. मी तो सुचवला नाही. पाटीवर 'युरियाविना' लिहिलं होतं ना.

कापणीला नेहमीच्या निम्माही धान झाला नाही. देवरावभाऊंनी 'पंचफुली'चा अर्थ बदलून टाकला. गावात कोणाला कावीळ झाली की, ह्याच्या आंगात पंचफुली फुलली, म्हणायला लागले. बाईंच्या तोंडावरही म्हणत. त्या पाण्याची घागर तशीच घेऊन पुढे जायच्या.

माघात गोविंदरावांनी चावडीवर पुढच्या सालची बटई ठरवायला माणसं बसवली. मला बोलावणं आलं. गोविंदराव बाजेवर, गावची पाच-सात माणसं सतरंजीवर, आणि बाई पायरीच्या खाली उभ्या. गोविंदराव रागावलेले नव्हते. त्यांनी मला अगदी आदरानं विचारलं, तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा, माझ्या बांधीतला धान काऊन पिवळा पडला? बाईचं चुकलं की जमिनीचं?

मी म्हटलं, "गाडायला उशीर झाला."

आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे. 'उशीर झाला' म्हटलं की तो कोणी केला हे सांगावं लागत नाही. पाऊस झाला, अंधार झाला, तसा उशीर झाला. पंचफुलाबाई माझ्याकडे पाहत होत्या. माझं वाक्य अजून संपलेलं नाही असं त्यांना वाटत असावं. मी खाली बघितलं. नांगर घालणारी बाई, तेव्हा उशीर करणारीही बाईच, हा अर्थ सतरंजीवरच्या माणसांनी आपला आपण लावला. गोविंदराव म्हणाले, मंग यंदापासून राहू द्या बाई, बांधी आम्ही आमच्या गड्याकडून करून घेऊ. बाईंनी डोईवरचा पदर नीट केला आणि त्या गेल्या. भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर मी कदाचित बोललो असतो, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत आलो. खोटं आहे ते.

अहवालातही मी तेच वाक्य लिहिलं. साहेबांनी सही केली. प्रात्यक्षिक 'अंशतः यशस्वी' ठरलं. त्या गावांत पुन्हा कोणी पंचफुली पेरली नाही. कोणी म्हटलं, तर मीच विषय बदलायचो.

दोन वर्षांनी माझी बदली एटापल्लीला झाली. लोक त्याला शिक्षा समजतात. मी सुटलो म्हणून आनंदानं गेलो. तिथे जंगलातल्या गावांना संदेश वगैरे पोचवणं म्हणजे हसू होतं. तिथल्या शाळेचे गुरुजी गोंडी-माडिया बोलणारे, ते सोबत आले तरच माझं बोलणं पोचायचं. एका उतारावर एक म्हातारा शेतकरी राहत होता, त्याच्या एका तुकड्यात मी एकदा मोजायला बसलो आणि अकरा प्रकारची पिकं मोजून थांबलो. कोसरी, मका, बरबटी, उडीद, भोपळ्याचे वेल, अंबाडी, सगळं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभं. मला ते स्वप्नात पाहिल्यासारखं वाटलं. भेसळ म्हणायची हिंमत झाली नाही.

त्याच उताराचा एक कोपरा मात्र खुजा आणि फिकट होता. मी गुरुजींमार्फत विचारलं, इथे काय झालं? म्हातारा तंबाखू मळत होता. त्यानं मान वर न करता दोन-तीन शब्द सांगितले. गुरुजींनी सांगितलं, "म्हणतात, मी उशिरा आलो."

एवढंच. पाऊस नाही, नशीब नाही, देव नाही. गुरुजींनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, पोरीकडे पाहुणा गेला होता, तिथे चार दिवस जास्त राहिला, कोपरा पेरायचा राहिला. सांगताना त्याला लाज वाटली नाही आणि अभिमानही वाटला नाही. पुन्हा तंबाखू मळू लागला. मी त्या उतारावरून खाली आलो तो रस्ता मला आठवत नाही. पाय चालत होते आणि कानात तेच, मी उशिरा आलो.

तरीही नागभीडला जायला मला आणखी तीन वर्षं लागली.

या साली रोवण्याच्या दिवसांत रजा काढली. ब्रह्मपुरीहून नागभीडची एसटी, तिथून जीप, पुढे पायी. बोडीजवळ आलो तर बांधीत दहा-बारा बायका ओळीनं वाकून रोवणा करत होत्या, आणि पंचफुलाबाई त्यातच होत्या. गोविंदरावांच्या बांधीत, मजुरीनं. केस पांढरे व्हायला लागले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. धुऱ्यापर्यंत आल्या, पण बाहेर आल्या नाहीत, गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या. "जयभीम साहेब. इकडं कुठी?"

मी सांगितलं. वाटेत दहा वेळा घोकलेलं सगळं विसरलो होतो. तो उशीर तुमचा नव्हता, माझा होता, तुम्ही बेचाळिसाव्या दिवशी सांगितलं होतं, मी फुलासाठी थांबवलं, एवढंच कसंबसं बोललो.

त्या हातातल्या पऱ्ह्यांची मुळं पाण्यात खळबळून धूत होत्या. म्हणाल्या, "मले माहीत हाय. सांगणारी मीच तं होती."

मी म्हटलं, बाई, मला माफ करा.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मले काऊन सांगून राह्यले जी? माह्यासंग थोडीच बोलले होते तुमी? मी तं पायरीच्या खाली होती. ज्याइले सांगतलं त्याइले सांगा. सांजच्याले बसतेत चावडीत." आणि ओळीत जाऊन वाकल्या. शेजारची एक बाई काहीतरी पुटपुटली, दोघी हसल्या. कशाला हसल्या ते मला कळलं नाही.

ती दुपार मी धुऱ्यावर काढली. चतुर उडत होते, बोडीवर ढग उतरले होते, रोवणाऱ्या बायकांचं गाणं थांबत होतं आणि पुन्हा सुरू होत होतं. मला वाटत होतं की अजून उठून जाता येईल, एसटी आहे, कोणी अडवणार नाही. चिखलात एकेक जुडी उभी राहत होती आणि बांधी हळूहळू हिरवी होत होती. मी गेलो नाही, यात माझी काही बहादुरी नाही. पायच उचलले नाहीत.

पाचच्या सुमारास चावडीत गेलो. गोविंदराव थकले होते, कानानं कमी ऐकायला लागले होते, पण बाज तीच. देवरावभाऊ होते, आणखी सहा-सात माणसं. रोवण्यावरून परतणाऱ्या बायका पायरीशी रेंगाळल्या, त्यात पंचफुलाबाई. मी उभ्यानंच बोललो, जरा मोठ्यानं, गोविंदरावांना ऐकू जावं म्हणून, आणि त्यामुळे ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. सात वर्षांपूर्वी या जागी मी अर्धं वाक्य बोललो होतो. उशीर मी केला. बाई सांगत होत्या, गाडू द्या. मी गाडू दिलं नाही. जमिनीचं चुकलं नाही, बाईंचं चुकलं नाही, मिसळलेल्या बियाण्याचंही नाही. नंतर युरियानं धान वाचला असता, तेही मी सांगितलं नाही.

मग गोविंदराव म्हणाले, "आता सांगून काय होते साहेब? बांधी पोराच्या हातात हाय, थो देणार नाई." त्यांनी हे सरळ सांगितलं म्हणून मीही सरळच लिहितो: बांधी बाईंना परत मिळालेली नाही. मी सांगितल्यानं ती मिळेल अशी आशा माझ्या मनात कुठेतरी होती, म्हणजे माझं ओझं एकदम उतरलं असतं. ते उतरलं नाही.

देवरावभाऊ इतका वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. युरिया महागल्यापासून त्यांचाही धान फिका पडायला लागला होता, हे मला नंतर कळलं. त्यांनी काडी टाकली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मंग थे पंचफुली गाडाव तरी कधी?"

मी तोंड उघडलं. बेचाळीस ते पंचेचाळीस दिवस, असं म्हणणार होतो.

"दिवस नोका मोजू, भाऊ," पायरीखालून पंचफुलाबाई म्हणाल्या. "पावसावर हाय थे. फूल दिसाच्या आंधी. बोरू वाकवून पाह्याचा. टच मोडला तं आजच नांगर घालाचा. साल निंगाली तं मंग दोर वळा त्याचे." हाताला चिखल तसाच होता, दोन बोटांनी त्यांनी हवेतच ते झाड मोडून दाखवलं.

माणसं वळली. कडेचा एक जण सरकला, त्याच्या जागेवर बाई बसल्या नाहीत, पण दोन पायऱ्या वर आल्या. देवरावभाऊंनी विचारलं, चवळी किती टाकायची? बाईंनी सांगितलं. बी खाली बसतं त्याचं काय? त्यांनी राखेचं सांगितलं. गोविंदराव कानामागे हात धरून, काय म्हणते, काय म्हणते, करत होते आणि शेजारचा त्यांना पुन्हा सांगत होता. चवळीच्या प्रमाणाबद्दल मलाही एक गोष्ट सुचली होती. मला कोणी विचारलं नाही.

नागभीडकडे जाणारी शेवटची जीप साडेसहाला होती. मी उठलो तेव्हा बाई सांगत सांगत ज्वारीपर्यंत आल्या होत्या.